परिचारिका क्वो चिंगलान

सोलापूर शहराचें नांव ज्यांच्यामुळें चीन देशांतील खेड्यापाड्यांत पोंचलें, ते डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस होत. भैय्या चौकाजवळील त्यांच्या जुन्या घराचें २०१२ सालीं स्मारक झालें. आणि त्यांच्या अल्प आयुष्याची थोर कथा सोलापुरांतील बहुतेकांस शाळेच्या वयापासून ठाऊक असते. त्या कथेच्या अखेरीस एक स्त्री येते. डॉक्टरांनीं चीनमध्यें विवाह केला, त्यांस एक मुलगा झाला, आणि तें मूल एकशें आठ दिवसांचें असतांना डॉक्टर निवर्तले, इतकें सांगून कथा संपते. ती स्त्री कोण होती, कोणतें काम करीत होती, आणि पतीच्या मागें सत्तर वर्षें ती कशी जगली, याची विचारपूस सहसा होत नाहीं. क्वो चिंगलान हें तिचें नांव. ती सोलापूरची सून खरी. परंतु सून होण्यापूर्वीं ती लष्करांतील परिचारिका होती, आणि तिचें तें काम समजून घेतल्यावांचून कोटणिसांचें कामही पुरतें समजत नाहीं.

युद्धाच्या इतिहासांत सेनापतींचीं नांवें येतात. क्वचित् शस्त्रवैद्यांचींही येतात. परिचारिकेचें नांव येत नाहीं. याचें कारण तिच्या कामाच्या स्वरूपांतच आहे. शस्त्रवैद्य गोळी काढतो, मोडलेलें हाड बसवितो, निकामी झालेला पाय कापतो. हें काम तासा-दोन तासांचें असतें आणि तें डोळ्यांस दिसतें. त्यानंतर जखम भरून यावयास आठवडेच्या आठवडे लागतात. पट्टी सोडणें, पू धुणें, पुन्हां पट्टी बांधणें, पाणी पाजणें, कूस बदलणें, तापानें बरळणाऱ्याच्या उशाशीं रात्र काढणें, हें सारें त्या आठवड्यांत चालतें आणि तें कोणाच्या लक्षांत राहत नाहीं. क्रीमियाच्या युद्धांत १८५४ सालीं फ्लॉरेन्स नाइटिंगेल अडतीस परिचारिका घेऊन स्कुटारीच्या इस्पितळांत गेल्या, तेव्हां त्यांस आढळून आलें कीं, शत्रूच्या गोळ्यांपेक्षां इस्पितळांतील घाणीनें व रोगांनीं अधिक शिपाई मरत आहेत. ज्या सैन्यापाशीं औषधें थोडीं, त्या सैन्यांत तर हें सत्य दुणावतें. उत्तर चीनमधील ज्या सैन्यांत चिंगलान दाखल झाल्या, तें सैन्य असेंच होतें.

क्वो चिंगलान यांचा जन्म १९१६ सालीं शान्सी प्रांतांतील फनयांग या गांवीं एका ख्रिस्ती कुटुंबांत झाला. त्या काळीं आपल्याकडे काय किंवा चीनमध्यें काय, परक्या पुरुषाच्या जखमा धुण्याचें काम घरंदाज मुलीनें करावें हें लोकांस रुचत नसे. मिशनऱ्यांनीं काढलेल्या दवाखान्यांतून ही विद्या चिनी मुलींपर्यंत पोंचली, आणि ख्रिस्ती घरांतील मुली प्रथम तिकडे वळल्या. चिंगलानही परिचारिका झाल्या आणि पेकिंग, म्हणजे आजचें बीजिंग, येथें काम करूं लागल्या. इतक्यांत १९३७ च्या जुलै महिन्यांत जपाननें चीनवर चढाई केली. थोड्याच दिवसांत पेकिंग शत्रूच्या हातीं गेलें. शहराच्या वेशींवर जपानी पहारे बसले.

त्या पहाऱ्यांतून एक परदेशी बाई वारंवार ये-जा करीत असे. तिचें नांव कॅथलीन हॉल. ती न्यूझीलंडची, इंग्लंडच्या चर्चची मिशनरी, आणि स्वतः परिचारिका. होपेइ प्रांतांतील डोंगराळ भागांत, सुंगजियाज्वांग या खेड्यांत, तिचा लहानसा दवाखाना होता. पेकिंगमध्यें औषधें विकत घ्यावीं, तीं मिशनच्या नांवावर पहाऱ्यांतून न्यावीं, आणि डोंगरांत लढणाऱ्या चिनी सैन्याच्या इस्पितळास पोंचवावीं, असा तिचा क्रम होता. औषधांइतकीच त्या इस्पितळास शिकलेल्या हातांची निकड होती. म्हणून ती परिचारिकांनाही तिकडे येण्यास वळवूं लागली. तिच्या शब्दावर १९३९ सालीं पेकिंग सोडून जाणाऱ्यांत चिंगलान होत्या. वय तेवीस वर्षांचें. पुढें जपानी लोकांनीं हॉलबाईंचें मिशन जाळलें आणि त्यांस चीनबाहेर जावें लागलें. परंतु ज्या मुलींना त्यांनीं वाट दाखविली, त्या तेथेंच राहिल्या.

तो प्रदेश शान्सी, चाहार व होपेइ या तीन प्रांतांच्या सीमेवरचा. तेथें आठवी मार्गसेना या नांवाचें साम्यवादी पक्षाचें सैन्य जपान्यांच्या पिछाडीस राहून लढत होतें. रेल्वे व मोठीं शहरें शत्रूकडे, आणि डोंगर व खेडीं या सैन्याकडे, अशी स्थिति होती. नॉर्मन बेथ्यून नांवाचे कॅनडाचे एक नामांकित शस्त्रवैद्य १९३८ मध्यें तेथें येऊन राहिले होते. त्यांनीं त्या सालच्या सप्टेंबरांत सुंगयेनकोऊ गांवीं एक आदर्श इस्पितळ उभें केलें; तें थोड्याच काळांत जपानी हल्ल्यांत नष्ट झालें. बेथ्यून यांनीं त्यांतून धडा घेतला. एका जागीं बांधलेलें इस्पितळ येथें टिकावयाचें नाहीं. इस्पितळ खेचराच्या पाठीवर बसलें पाहिजे, आणि जखमी माणूस वैद्याकडे येण्याची वाट न पाहतां वैद्यानें जखमी माणसाकडे गेलें पाहिजे. शस्त्रें, पट्ट्या व औषधें खेचरावर लादतां येतील अशा पेट्या त्यांनीं करविल्या. शेतकऱ्यांच्या घरांतील ओट्यावर, देवळांत, प्रसंगीं उघड्यावर शस्त्रक्रिया होऊं लागल्या. परंतु वैद्य पुढच्या गांवीं निघून गेल्यावर मागें राहिलेल्या जखमींना पाहणारें कोण? खेड्यांतील अशिक्षित मुलांमुलींना शुश्रूषेचें काम शिकविणें, हाच त्यास एक उपाय होता. त्यासाठीं शिकविणारीं माणसें हवीं होतीं. पेकिंगहून आलेल्या चिंगलान यांच्या विद्येचा उपयोग येथें होता.

१९३९ च्या नोव्हेंबरच्या बाराव्या तारखेस बेथ्यून मरण पावले. हातमोजे न घालतां शस्त्रक्रिया करीत असतां बोटास जखम झाली, त्या जखमेंत विष भिनलें आणि तें रक्तांत पसरलें. ज्या रोगापासून ते शेंकडों शिपायांस वांचवीत होते, त्याच रोगानें ते गेले. पेनिसिलिन अद्याप जगांत कोठेंही औषध म्हणून मिळत नव्हतें. जखम धुणाऱ्या प्रत्येक परिचारिकेच्या बोटांस तोच धोका रोज होता. हें काम किती निर्भय मनानें करावें लागत असेल, याची कल्पना या एका मृत्यूवरून यावी.

बेथ्यून यांची जागा ज्यांनीं पुढें भरून काढली, ते सोलापूरचे होते. द्वारकानाथ कोटणीस यांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० चा. त्यांचें तारुण्य ज्या सोलापुरांत गेलें, तें गिरण्यांचें शहर होतें, आणि १९३० सालीं मार्शल लॉ सोसलेलें शहर होतें. मुंबईच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयांतून ते डॉक्टर झाले. चीनच्या सेनापति जू दे यांनीं जवाहरलाल नेहरूंकडे वैद्यकीय मदत मागितली होती. त्याप्रमाणें राष्ट्रसभेचे तत्कालीन अध्यक्ष सुभाषचंद्र बोस यांनीं १९३८ च्या जूनअखेर देशास आवाहन केलें. पांच डॉक्टरांचें पथक निघालें. अलाहाबादचे अटल त्याचे प्रमुख; नागपूरचे चोळकर, कलकत्त्याचे बसू व मुखर्जी, आणि सर्वांत लहानांपैकीं कोटणीस. १ सप्टेंबर १९३८ रोजीं ‘राजपुताना’ बोटीनें त्यांनीं मुंबई सोडली. चीनमध्यें या पांचांनीं आपल्या नांवांस ‘हुआ’ हें अक्षर जोडून घेतलें. हुआ म्हणजे चीन. कोटणिसांचें नांव झालें के दीहुआ. पथकांतील इतर एकामागून एक परतले किंवा दुसरीकडे गेले. वडिलांच्या निधनाची वार्ता येऊनही कोटणीस मात्र परतले नाहींत, आणि १९४० मध्यें ते बेथ्यून यांच्या प्रदेशांत आले.

त्याच सालीं बेथ्यून यांच्या समाधीच्या समारंभांत चिंगलान यांनीं त्यांस प्रथम पाहिलें. हा हिंदी डॉक्टर चिनी भाषेंत बोलतो, याचें तेथें जमलेल्यांस मोठें अप्रूप वाटलें. ती भाषा त्यांनीं दोन वर्षांत मेहनतीनें कमावली होती. पुढें ते तींतच व्याख्यानें देत.

१९४० च्या उत्तरार्धांत आठव्या मार्गसेनेनें रेल्वेमार्गांवर व ठाण्यांवर मोठे हल्ले चढविले. एका प्रदीर्घ लढाईंत कोटणीस बहात्तर तास, म्हणजे तीन दिवस व तीन रात्री, झोप न घेतां शस्त्रक्रिया करीत राहिले. त्या लढाईंत त्यांनीं आठशेंहून अधिक जखमींवर उपचार केले. हा आंकडा त्यांच्या चरित्रांत मोठ्या अभिमानानें सांगितला जातो, आणि तो सांगण्याजोगाच आहे. परंतु त्या आंकड्याची दुसरी बाजू क्षणभर डोळ्यांपुढें आणावी. टेबलावरून उतरलेला प्रत्येक माणूस कोणाच्या तरी हवालीं झाला पाहिजे. आठशें माणसें म्हणजे आठशें पट्ट्या. आणि त्या एकदां बांधून भागत नाहीं. कापूस व कापड अपुरें, म्हणून जुन्या पट्ट्या धुवाव्या, उकळाव्या, वाळवाव्या आणि पुन्हां वापराव्या. हत्यारें उकळावयाचीं तीं खेड्यांतील चुलीवर. शत्रु जवळ आल्याची खबर लागली कीं जखमींस हलवावें. वैद्याची जाग तीन रात्रींची असते. परिचारिकेची त्यानंतर सुरू होते.

१९४१ च्या जानेवारींत कोटणीस बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता इस्पितळाचे संचालक झाले. हें इस्पितळ व त्यास जोडलेली वैद्यकशाळा होपेइ प्रांताच्या तांग परगण्यांत, गगुंग नांवाच्या खेड्यांत होती. चिंगलान तेथें शुश्रूषा शिकवीत. तें वर्ष फार कठीण होतें. आदल्या सालच्या पराभवांचा सूड म्हणून जपानी सैन्यानें या प्रदेशांत ‘झाडून काढण्याची’ मोहीम चालविली होती. सर्वांस ठार करा, सर्व जाळा, सर्व लुटा, अशा तीन आज्ञांनीं ती मोहीम चिनी लोकांच्या स्मरणांत राहिली आहे. शाळा व इस्पितळ यांस डोंगरांतून हिंडावें लागे. मुक्काम पडेल तेथें जखमींची सोय लावावी आणि तेथेंच विद्यार्थ्यांचा पाठ घ्यावा, असा प्रकार होता. शेतकऱ्याच्या मुलीस ताप मोजण्याचें यंत्र प्रथम हातांत द्यावें, उकळलेलें पाणी आणि नुसतें पाणी यांतील भेद पटवून द्यावा, आणि कांहीं महिन्यांत तिच्या भरंवशावर जखमी माणसें सोंपवावीं, इतकी शिकवण थोड्या काळांत बसवावयाची होती.

अशा दिवसांत, २५ नोव्हेंबर १९४१ रोजीं, कोटणीस व चिंगलान यांचा विवाह झाला. वर सोलापूरचा, वधू शान्सीची, आणि लग्नघर युद्धाच्या आघाडीवरचें. पुढील सालीं, २३ ऑगस्ट १९४२ रोजीं, त्यांस मुलगा झाला. त्या प्रदेशाचे सेनापति न्ये रुंगजन यांनीं त्याचें नांव ‘यिनहुआ’ ठेविलें. चिनी भाषेंत ‘यिन’ म्हणजे हिंदुस्थान आणि ‘हुआ’ म्हणजे चीन. दोन देशांचीं नांवें त्या बालकाच्या एका नांवांत आलीं.

परंतु घरांत एक शत्रु आधींच शिरलेला होता. कोटणिसांस अपस्माराचे झटके येत असत. १९४२ मध्यें ते वाढले. त्यांतही ते शस्त्रक्रिया करीत, शिकवीत, आणि चिनी विद्यार्थ्यांसाठीं शस्त्रक्रियेवरील पाठ्यपुस्तक लिहीत. अपस्मारास आळा घालणारीं औषधें त्या वेळीं जगांत निघालीं होतीं. फेनोबार्बिटोन १९१२ पासून वापरांत होतें. फेनिटॉइनचा गुण १९३८ मध्यें सिद्ध झाला होता. पण शत्रूनें चहूंकडून नाकेबंदी केलेल्या डोंगरांत, जेथें साध्या पट्ट्यांची वाण, तेथें त्यांचा नियमित पुरवठा कोठून होणार? विश्रांति, पोटभर अन्न आणि शांत झोप हे या रोगाचे दुसरे आधार. युद्धाच्या छावणींत तेही दुर्मिळ. पत्नी परिचारिका होती. झटका आलेल्या माणसास कसें धरावें, जीभ चावली जाऊं नये म्हणून काय करावें, शुद्धीवर येईपर्यंत कसें बसावें, हें तिला त्या काळच्या शिक्षणाप्रमाणें ठाऊक होतें. यापलीकडे तिच्या हातांत कांहीं नव्हतें. ९ डिसेंबर १९४२ रोजीं, एकामागून एक झटके येऊन, डॉ. कोटणीस गगुंग येथें मरण पावले. त्यांचें वय बत्तीस वर्षांचें होतें. त्यांच्या पुस्तकाचा दुसरा भाग अपुरा राहिला.

शेंकडों परक्या माणसांस ज्या हातांनीं बरें केलें, त्या हातांना घरच्या माणसास राखतां आलें नाहीं. परिचारिकेच्या आयुष्यांत याहून कठोर प्रसंग कोणता असूं शकेल? आणि तरी तिच्या कामाचा खरा कस याच ठिकाणीं लागतो. औषध असतांना सेवा करणें सोपें असतें. औषध नसतांना जी उशाशीं बसून राहते, तिची सेवा खरी. माओ त्से-तुंग यांनीं व सन यत्-सेन यांच्या पत्नीनें कोटणिसांस श्रद्धांजलि वाहिली, आणि त्यांचें नांव मोठें झालें. सव्वीस वर्षांच्या विधवेपुढें मात्र एक तान्हें मूल आणि अजून तीन वर्षें चालावयाचें युद्ध होतें.

आपल्या देशांत ही कथा ख्वाजा अहमद अब्बास यांच्या १९४४ मधील पुस्तकानें पोंचली, आणि त्यावरून व्ही. शांताराम यांनीं १९४६ मध्यें ‘डॉ. कोटनीस की अमर कहानी’ हा चित्रपट काढला. शांताराम स्वतः डॉक्टर झाले, जयश्री चिंगलान झाल्या. त्या चित्रपटानें कोटणिसांची कीर्ति घरोघर नेली, हें त्याचें ऋण मान्य केलेंच पाहिजे. परंतु पडद्यावरील चिंगलान आणि खऱ्या चिंगलान यांत अंतर आहे. चित्रपटांत डॉक्टरांचा मृत्यु सांथीच्या रोगाशीं झुंजतांना होतो, आणि अखेरीस त्यांची पत्नी बाळास घेऊन सोलापूरच्या घरीं येते. पाहणाऱ्यांच्या मनांत तोच शेवट ठसला: सून घरीं आली, आणि कथा सुफळ संपूर्ण झाली. प्रत्यक्षांत ती सून आली नाहीं. तिचें काम चीनमध्यें होतें. ती तेथेंच राहिली.

पुढील आयुष्यांत त्यांनीं पुन्हां विवाह केला, आणि उत्तरायुष्य समुद्रकांठच्या दालियान शहरांत काढलें. यिनहुआ पित्याच्या मार्गानें वैद्यकी शिकूं लागला. तो वीस वर्षांचा झाला त्याच सालीं, १९६२ मध्यें, ज्या दोन देशांचीं नांवें त्याच्या नांवांत होतीं त्यांच्यांत युद्ध झालें. १९६७ मध्यें, वैद्यकीय शिक्षण पुरें होण्याच्या बेतांत असतां, उपचारांतील चुकीमुळें तो चोविसाव्या वर्षीं वारला. आईस हा दुसरा आघात. पहिल्या वेळीं औषध नव्हतें; या वेळीं औषधोपचारच घातक ठरले. परिचारिकेस दोहोंचाही अर्थ इतरांहून अधिक कळत असला पाहिजे.

एवढें होऊनही त्यांनीं भारताशीं संबंध तुटूं दिला नाहीं. त्या अनेक वेळां भारतांत आल्या, कोटणीस कुटुंबीयांस भेटल्या. चीनचे नेते भारतांत आले म्हणजे कोटणिसांच्या नातलगांस भेटत, आणि भारताचे मान्यवर चीनमध्यें गेले म्हणजे चिंगलान यांस मान देत. दोन देशांचें पटत असो वा नसो, या एका घराण्यापुरता दरवाजा दोन्ही बाजूंनीं उघडा राहिला. कोटणिसांसमवेतच्या दिवसांच्या त्यांच्या आठवणी २००६ सालीं इंग्रजी पुस्तकाच्या रूपानेंही प्रसिद्ध झाल्या. २८ जून २०१२ रोजीं, वयाच्या शहाण्णवाव्या वर्षीं, दालियान येथें त्यांचें निधन झालें. सोलापुरांतील घराचें स्मारक झालें, तेंही याच वर्षीं.

होपेइ प्रांताची राजधानी शिजियाज्वांग येथील हुतात्म्यांच्या स्मशानभूमींत आज बेथ्यून व कोटणीस या दोघांचीं स्मारकें आहेत. त्या शहरांत कोटणिसांच्या नांवाची एक वैद्यकीय शाळाही १९९२ पासून आहे, आणि तेथील विद्यार्थी त्यांच्या पुतळ्यापुढें सेवेची शपथ घेतात. परिचारिकेच्या वांट्यास पुतळा क्वचितच येतो. तिचें स्मारक असतें तें बऱ्या झालेल्या माणसांच्या अंगावरील व्रणांत, आणि तिनें शिकविलेल्या मुलींच्या हातांत. तीं माणसें वृद्ध होऊन निघून जातात आणि स्मारकही त्यांच्याबरोबर जातें.

म्हणून तें शब्दांनीं जपावें लागतें. भैय्या चौकांतील घरीं जाऊन कोणी मुलांस कोटणिसांची कथा सांगेल, तेव्हां बहात्तर तासांच्या शस्त्रक्रियेचें वर्णन त्यानें अवश्य करावें. मग क्षणभर थांबून हेंही सांगावें कीं, चौथ्या दिवशीं सकाळीं त्या आठशें जखमींच्या पट्ट्या सोडावयास जे हात पुढें आले, तशा हातांना शहाणें करणारी क्वो चिंगलान नांवाची एक परिचारिका त्या डोंगरांत होती; आणि ती सोलापूरची सून होती.